लेऑफनंतर अनएम्प्लॉयमेंट चालू आहे, अशात घराचं कर्ज मिळेल का?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर इथेच कळेल. तुम्ही न्यू जर्सीत राहता, नवरा-बायको दोघांचंही ग्रीन कार्ड झालंय. मार्चमध्ये तुमचा लेऑफ झाला, सेव्हरन्स, म्हणजे नोकरी गेल्यावर कंपनी देते ती रक्कम, मिळाला आणि आता राज्याचा बेकारी भत्ता, म्हणजे आपण सगळे ज्याला ‘अनएम्प्लॉयमेंट’ म्हणतो तो, सुरू आहे. बायकोची नोकरी पक्की आहे, महिन्याला करापूर्वी ७,२०० डॉलर. घर पाच लाख तीस हजारांचं. डाऊनपेमेंटला एक लाख तीस हजार जमलेत, तेव्हा कर्ज चार लाखांचं लागणार. जानेवारीत दोघांच्या पगारावर मिळालेलं प्रीअप्रूव्हलचं, म्हणजे कर्जाच्या प्राथमिक मंजुरीचं, पत्र अजून तुमच्याकडे आहे. घराचा एजंट म्हणाला, ‘टॅक्स रिटर्नमध्ये दोन वर्षं दिसलं की अनएम्प्लॉयमेंट उत्पन्नात धरतात.’ मित्र म्हणाला, ‘पत्र आहे ना? मग लेऑफचं बोलूच नकोस.’ कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंत.

एजंटचं अर्धं बरोबर आहे, पण तो बरोबर असलेला अर्धा भाग तुम्हाला लागू होत नाही. मित्राचं अजिबात ऐकू नका. त्याच्याकडे पुढे येतोच.

मी २००४ पासून न्यू जर्सीत मॉर्गेज लोन ऑफिसर आहे. या धंद्यात आलो तेव्हा उत्पन्न तोंडी सांगितलं तरी चालणारी कर्जं सर्रास मिळायची. त्यांचं पुढे काय झालं ते २००८ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. त्यानंतर नियम बदलले, आणि जानेवारी २०१४ पासून तर कर्जदार हप्ता फेडू शकेल की नाही हे कागदपत्रं बघून तपासणं बँकेवर कायद्यानेच बंधनकारक झालं. त्यामुळे आज माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी कितीही ओळखत असलो, तरी ‘हे हुशार आहेत, दोन महिन्यांत लागतील कुठेतरी’ असं अंडररायटरला, म्हणजे फाइल तपासून कर्ज मंजूर करणाऱ्याला, सांगून उपयोग नसतो. त्याला कागद लागतो.

तो कागदात काय शोधतो हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. आपण विचार करतो की महिन्याला पैसे येताहेत ना, मग झालं. अंडररायटरचा प्रश्न असतो, हे पैसे यायचे कधी थांबणार? ज्या उत्पन्नाला शेवटची तारीख ठरलेली असते, ते कर्जाच्या तारखेपासून किमान तीन वर्षं चालू राहणार असेल तरच धरायचं, असा फॅनी मे आणि तिच्यासारख्या, बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या, संस्थांच्या नियमांचा साधारण रोख आहे. न्यू जर्सीत भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो. फ्लोरिडात तर त्याहूनही कमी. तीन वर्षं कुठे आणि २६ आठवडे कुठे!

रक्कम लहान आहे म्हणून नाकारतात, असा एक गैरसमज असतो. तो खरा नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात केंद्र सरकारने राज्याच्या भत्त्यावर आठवड्याला आणखी ६०० डॉलर दिले होते. माझ्याकडे आलेल्या कितीतरी लोकांना तेव्हा नोकरीपेक्षा भत्त्यात जास्त पैसे मिळत होते. ‘साहेब, आता तर माझं उत्पन्न वाढलंय’ असं एकाने मला अगदी गंभीरपणे सांगितलं. हिशेबाने बरोबरच होतं त्याचं. पण ते सहाशे डॉलर जुलैअखेर थांबणार हे कायद्यातच लिहिलेलं होतं, त्यामुळे कर्जासाठी त्याच्या या उत्पन्नाची किंमत शून्य होती.

मग एजंट म्हणतो तो दोन वर्षांचा नियम आला कुठून? तो नियम आहे, आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांना फार उपयोगाचा आहे. तो हंगामी कामगारांसाठी आहे. आमच्याकडे थंडी पडली की डांबराचे प्लँट बंद होतात आणि रस्त्यांची कामं थांबतात. तिथली माणसं डिसेंबरात घरी बसतात, भत्ता घेतात आणि वसंतात त्याच मालकाकडे परत कामावर जातात. दरवर्षी हेच. काही वर्षांपूर्वी असाच एक पेव्हिंगवाला माझ्याकडे आला होता. हातांना भेगा. खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेला, कारण आधी दोन ठिकाणी ‘तुम्ही सध्या बेकार आहात’ म्हणून त्याला परत पाठवलं होतं. भत्त्याचा वर्षाचा दाखला, म्हणजे १०९९-जी, दोन्ही वर्षांचा त्याने चौघडी करून पाकिटात ठेवला होता. पगाराचे वार्षिक दाखले, म्हणजे डब्ल्यू-२, होते ५२,००० आणि ५४,००० चे, भत्ता होता ९,००० आणि ९,८००. चारही आकड्यांची बेरीज १,२४,८००, भागिले चोवीस महिने, म्हणजे महिन्याला ५,२०० डॉलर. दोन वर्षं तेच काम, दोन्ही वर्षं रिटर्नमध्ये भत्ता दाखवलेला, आणि पुढच्या हंगामात परत घेण्याची अपेक्षा आहे असं मालकाकडून आलेलं पत्र. एवढ्यावर त्याचं कर्ज झालं. अर्ज केला तेव्हा तो घरी बसून भत्ताच घेत होता.

फरक लक्षात आला ना? त्याचा भत्ता त्याच्या कामाच्या चक्राचा भाग होता. तुमचा लेऑफ म्हणजे चक्र तुटणं आहे. फॅनी मेच्या नियमात स्पष्टच लिहिलंय की भत्त्याचा संबंध हंगामी नोकरीशी असेल आणि तो रिटर्नमध्ये दाखवलेला असेल तरच धरावा. एफएचए आणि व्हीए या सरकारी हमीच्या कर्जांतही हंगामी कामाचाच अपवाद आहे. समजा तुमचे दोन लेऑफ दोन वेगवेगळ्या वर्षांत झाले आणि दोन्ही १०९९-जी तुमच्याकडे आहेत, तरी सॉफ्टवेअरची नोकरी हंगामी ठरत नाही. एजंटने नियमाचा पुरावा सांगितला आणि अट सांगायची राहिली. वाईट हेतूने नसेल सांगितलं, कमिशनवाल्या माणसाला अट जरा उशिरा आठवते इतकंच.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपली मंडळी हकनाक ओशाळतात. भत्ता घेता म्हणून बँक तुम्हाला दारातून परत पाठवू शकत नाही. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याखाली, म्हणजे ज्याला इथे ‘ईकोआ’ म्हणतात त्याखाली, सरकारी मदतीतून उत्पन्न येतं या कारणावरून भेदभाव करायला मनाई आहे, आणि बेकारी भत्ता त्या मदतीत मोडतो. तो किती दिवस चालेल हे बँक विचारात घेऊ शकते. ‘अनएम्प्लॉयमेंटवाल्यांचे अर्ज आम्ही घेतच नाही’ असं मात्र म्हणू शकत नाही. अर्ज पूर्ण भरून दिला की तीस दिवसांत निर्णय कळवावा लागतो, आणि नकार असेल तर त्याची कारणं लेखी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. तो कागद मागाच. फोनवर मिळालेला नकार आणि कागदावरचा नकार यांची कारणं कधीकधी वेगळी निघतात.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. तुमच्या बाबतीत भत्ता धरला जाणार नाही हे मान्य करून, बायकोच्या एकटीच्या पगारावर काय होतं ते बघू. व्याजदर साडेसहा टक्के धरतो, केवळ गणितासाठी. तुम्हाला मिळेल तो दर वेगळा असेल. चार लाख, तीस वर्षं, म्हणजे मुद्दल आणि व्याजाचा हप्ता सुमारे २,५२८. त्यावर प्रॉपर्टी टॅक्स. न्यू जर्सीत राहायचं तर हे दुखणं अंगावर काढायलाच हवं. महिना १,००० धरू. विमा १५०. एकूण ३,६७८. शिवाय तुम्ही लिहिलंय की गाडीचा हप्ता ४५० आहे. झाले ४,१२८.

४,१२८ ला ७,२०० ने भागलं की ५७ टक्के येतात. हे देण्यांचं उत्पन्नाशी प्रमाण, आणि बँक तेच बघते. फॅनी मेची संगणक प्रणाली जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि तेही क्रेडिट स्कोअर आणि शिल्लक पैसा चांगला असेल तर. माणसाने हाताने तपासलेल्या फाइलला तर ४५ च्या पुढे वावच नाही. ५७ म्हणजे नाही. याउलट तुमचा भत्ता धरला असता तर? न्यू जर्सीत २०२५ मध्ये आठवड्याची कमाल रक्कम ८७५ डॉलर होती, म्हणजे महिन्याला सुमारे ३,७९२. ते मिळवलं की हेच प्रमाण अडतीसच्या खाली येतं. एजंटचं म्हणणं तुम्हाला एवढं गोड का वाटलं ते यातून कळतं.

पण ५७ पाशी थांबू नका. गाडीचं कर्ज कोणाच्या नावावर आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत. ते फक्त तुमच्या नावावर असेल आणि कर्जाचा अर्ज फक्त बायकोने केला, तर ते ४५० डॉलर तिच्या हिशेबात येतच नाहीत. मग उरतात ३,६७८, म्हणजे ५१ टक्के. एका टक्क्याने गाडी अडली! आणि इथे तुमचा सेव्हरन्स कामाला येतो. सेव्हरन्स हे महिन्याचं उत्पन्न म्हणून धरत नाहीत, कारण ते संपणारं आहे. पण बँकेत जमा झालेला, कर कापून आलेला सेव्हरन्स म्हणजे रोख पैसाच, आणि डाऊनपेमेंटला तो चालतो. आणखी तेरा हजार डाऊनपेमेंटमध्ये घाला. कर्ज ३,८७,००० वर येतं, हप्ता २,४४६, एकूण ३,५९६. पन्नास टक्क्यांच्या जेमतेम आत.

ही वाट निवडलीत तर दोन-तीन गोष्टी सांभाळा. डाऊनपेमेंटचे पैसे फक्त तुमच्या नावाच्या खात्यात असतील तर बायकोला भेट दिल्याचं पत्र लागेल. जॉइंट खात्यात असतील तर काम सोपं होतं. क्रेडिट स्कोअर तिचा एकटीचा बघतील. आणि कर्जाच्या नोटवर, म्हणजे फेडीच्या करारावर, तुमची सही नसली तरी घराच्या डीडवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, तुमचं नाव राहू शकतं. कर्ज कोणाचं आणि मालकी कोणाची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे हे नीट माहीत नसल्याने बऱ्याच घरांत विनाकारण धुसफूस होते. एका जोडप्यात तर सासऱ्यांनी पुण्याहून फोन करून मला विचारलं होतं की माझ्या मुलाला तुम्ही घरातून काढलंत का! मात्र हे वाचणारं कोणी कॅलिफोर्निया किंवा टेक्सासमध्ये असेल, तर तिथे पती-पत्नीच्या मालमत्तेचा कायदा वेगळा आहे. एफएचए किंवा व्हीएचं कर्ज घेताना अर्जात नसलेल्या जोडीदाराचीही देणी तिथे मोजतात. गाडीवाली युक्ती मग चालत नाही.

आता ते मंजूर होईल म्हणून घ्यावं का? मला विचाराल तर मी हात आखडता घेईन. करापूर्वीच्या पगाराचा अर्धा हिस्सा घरात गेला की कर, आरोग्यविमा आणि ४०१-के ची निवृत्तीची कपात वजा जाऊन हातात काय राहतं ते तुम्ही आज रात्री दोघं बसून कागदावर मांडा. त्यात गाडीचे ४५० आहेतच. बँकेने ते मोजले नाहीत म्हणून भरायचे चुकत नाहीत. भत्ता सव्वीस आठवड्यांनी संपेल. त्यावर न्यू जर्सी राज्याचा कर नाही, पण केंद्राचा आहे, आणि तुम्ही कापून घ्यायला सांगितलं नसेल तर तो एप्रिलमध्ये एकदम भरावा लागेल. भत्त्याशिवाय आणि नव्या नोकरीशिवाय आठ महिने निघतील एवढी रोकड डाऊनपेमेंटनंतरही उरणार असेल तर पुढे व्हा. नसेल तर घर थोडं लहान बघा, नाहीतर थोडं थांबा.

थांबणं म्हणजे वर्ष वाया घालवणं असं नाही, कारण यातली सगळ्यात चांगली वाट नव्या नोकरीच्या ऑफर लेटरची आहे, आणि ती बऱ्याच लोकांना माहीतच नसते. नोकरीवर रुजू होऊन सहा महिने काढल्याशिवाय कर्ज मिळत नाही, अशी आपल्या लोकांत एक पक्की समजूत आहे. मी कितीदा ऐकली असेल! कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेल्या, कर्जात तसं नाही. नवी नोकरी त्याच क्षेत्रातली, पगारी आणि कायमची असेल, तर पहिली पेस्टब, म्हणजे पगाराची पावती, आणि मधल्या काळाचा खुलासा करणारं साधं पत्र एवढ्यावर काम होऊ शकतं. त्याहून पुढचं म्हणजे, फॅनी मेच्या नियमांप्रमाणे पक्क्या ऑफरवर, नोकरी सुरू व्हायच्या आधीही क्लोजिंग करता येतं, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण करता येतो. अटी आहेत. रुजू होण्याची तारीख क्लोजिंगपासून ९० दिवसांच्या आत हवी. कर्ज घर खरेदीसाठीच हवं, आणि घर एका कुटुंबाचं व स्वतः राहण्यासाठी हवं. नातेवाइकाच्या कंपनीतली नोकरी चालत नाही. मधल्या काळात हप्ते आणि देणी भागवण्यापुरती रोकड दाखवावी लागते. एफएचए कर्जात हीच मुदत ६० दिवसांची आहे. प्रत्येक बँक हे करतेच असं नाही. स्वतःचे जास्त कडक नियम लावणाऱ्या बऱ्याच बँका आहेत, तेव्हा पहिल्याच फोनवर विचारा, ‘तुम्ही ऑफर लेटरवर क्लोज करता का?’

ऑफर लेटर आलं की त्यातलं शेवटचं पान नीट वाचा. वरच्या पानावर पगार ठळक असतो. खाली बारीक अक्षरात ‘बॅकग्राउंड चेक आणि ड्रग टेस्ट समाधानकारक झाल्यास’ असं लिहिलेलं असतं. अंडररायटरच्या दृष्टीने ती ऑफर अजून कच्ची असते. त्या अटी पूर्ण झाल्याचा एचआरचा एका ओळीचा ईमेल मिळवा. माझ्या एका ग्राहकाचं क्लोजिंग या एका ओळीसाठी नऊ दिवस अडलं होतं. सामान ट्रकमध्ये भरून झालेलं, जुन्या अपार्टमेंटची चावी परत दिलेली, आणि मुलं मावशीकडे हॉलमध्ये झोपलेली.

आणखी एक. लेऑफनंतर घाईने लोक कन्सल्टिंगची कामं धरतात. डब्ल्यू-२ वरचं, म्हणजे पगारी, काँट्रॅक्ट असेल तर बोलणी होऊ शकतात. १०९९ वर, म्हणजे स्वतःचा व्यवसाय म्हणून घेतलंत, तर साधारण दोन वर्षांचे रिटर्न झाल्याशिवाय ते उत्पन्न कर्जासाठी अवघड जातं. तासाला दहा डॉलर जास्त मिळतात म्हणून १०९९ घेतलं आणि घर दोन वर्षं लांबलं, असं मी पाहिलंय. घर डोळ्यापुढे असेल तर कमी पगाराची का होईना, डब्ल्यू-२ नोकरी धरा. आणि एफएचएच्या वाटेने जायचं असेल तर सहा महिन्यांचा आकडा लक्षात ठेवा. बेकारीचा काळ सहा महिने किंवा त्याहून लांबला, तर नव्या नोकरीत आधी सहा महिने काढावे लागतात. आपल्या लोकांची ती समजूत बहुधा इथूनच पसरली असावी.

४०१-के बद्दल तुम्ही शेवटी विचारलंत. निवृत्तीच्या खात्यातली किंवा एकरकमी सेव्हरन्सची शिल्लक उत्पन्नात बदलून दाखवायची एक पद्धत आहे. ऐकायला छान वाटते. मुदतीआधी पैसे काढल्याचा दहा टक्के दंड वजा करा, डाऊनपेमेंट आणि क्लोजिंगला लागणारी रक्कम त्यातून जाणार असेल तर तीही वजा करा, उरलेल्याला ३६० ने भागा. तीन लाख असतील तर दंड जाऊन दोन लाख सत्तर हजार, म्हणजे महिन्याला ७५० डॉलर. शिवाय खातेदार ६२ वर्षांखालचा असेल तर कर्ज घराच्या किमतीच्या ७० टक्क्यांच्या वर नको. तुमच्या वयाच्या माणसाला यात फारसं काही मिळत नाही. ती वाट साठीच्या पुढच्यांची आहे.

आता मित्राचा सल्ला.

जानेवारीचं प्रीअप्रूव्हल त्या वेळच्या माहितीवर दिलेलं होतं. त्यामागचे पगाराचे आणि क्रेडिटचे कागद क्लोजिंगच्या दिवशी चार महिन्यांहून जुने चालत नाहीत, म्हणजे नवे मागणारच. समजा कसंतरी रेटलंत. क्लोजिंगच्या आधी दहा कामकाजाच्या दिवसांत बँक तुमच्या मालकाला फोन करून किंवा संगणकावरून नोकरी चालू असल्याची खात्री करते. काही बँका तर क्लोजिंगच्या दिवशी सकाळी पुन्हा करतात. आणि त्याच्याही आधी, बँकेची दोन महिन्यांची स्टेटमेंटं. दर दुसऱ्या शुक्रवारी पगाराची एक ओळ असायची, ती मार्चनंतर नाही आणि तिथे राज्याकडून येणारी छोटी रक्कम. हे बघायला अंडररायटरला चष्माही लागत नाही.

माझ्याकडे एक जण होते, स्वभावाने अगदी सरळ. लेऑफ होऊन तीन आठवडे झाले तरी मला बोलले नव्हते. ‘दुसरी नोकरी मिळेलच, मग सांगू’ असं मनात होतं. क्लोजिंगच्या सहा दिवस आधी आमच्या ऑफिसमधल्या मुलीने त्यांच्या कंपनीला फोन लावला. स्पीकरवर होता, मी शेजारीच उभा. पलीकडून बाई म्हणाली, ‘ते आता इथे काम करत नाहीत,’ आणि शेवटची तारीख सांगितली. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि फाइल मिटली. त्यांचं डिपॉझिट गेलं, कारण कर्ज मिळालं नाही तर बाहेर पडण्याची जी सवलत करारात असते, तिची मुदतही तोवर उलटून गेली होती आणि विकणाऱ्याच्या वकिलाने लपवाछपवीचा मुद्दा काढला. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर त्यांच्या बायकोच्या नावावर फाइल फिरवायला आमच्याकडे पुरेसा वेळ होता. याचंच मला जास्त वाईट वाटलं.

हे पैशाचं झालं. कायद्याचं म्हणाल तर कर्जाच्या अर्जावर जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा केंद्रीय गुन्हा आहे. शिक्षा तीस वर्षांपर्यंत आणि दंड दहा लाख डॉलरपर्यंत होऊ शकतो. बहुतेकांना एवढी होत नाही. पण अर्जाची शेवटची प्रत क्लोजिंगच्या टेबलावर पुन्हा सही करून घेतात आणि त्यात नोकरीचा रकाना असतो. ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाने अशा गोष्टीच्या जवळपासही जाऊ नये. नागरिकत्वाचा अर्ज भरताना तुम्हाला ते स्वतःलाच आठवेल.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसाठी थोडंसं, कारण त्यांची गोष्ट अगदी वेगळी आहे. लेऑफनंतर त्यांना देशात राहायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि व्हिसा एका मालकाशी बांधलेला असल्याने बेकारी भत्ता बहुधा मिळतच नाही. कन्व्हेन्शनल कर्ज त्यांना मिळू शकतं, पण २५ मे २०२५ पासून एफएचए कर्ज कायम रहिवासी नसलेल्यांसाठी बंद झालंय. त्यामुळे जुन्या माहितीवर ‘एफएचए घ्या, सोपं पडतं’ असं कोणी सांगत असेल तर त्यात आता अर्थ नाही. अशांनी नवी नोकरी आणि व्हिसा बदलीचे कागद हातात आल्याशिवाय घराच्या करारावर सही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही या आठवड्यात करायचं ते एवढंच. ज्याने जानेवारीत पत्र दिलं त्या लोन ऑफिसरला लेऑफची तारीख ईमेलने कळवा, आणि त्याच ईमेलमध्ये बायकोच्या एकटीच्या पगारावर नवं पत्र मागा. गाडीचं कर्ज कोणाच्या नावावर आहे ते सांगा. हे पत्र येईपर्यंत घरासाठी ऑफर टाकू नका. टाकलीच असेल आणि ब्रोकरने बनवलेल्या करारावर सह्या झाल्या असतील, तर न्यू जर्सीत वकिलाला तपासायला तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत वकिलाकडून कर्जाच्या अटीची मुदत वाढवून घ्या, आणि अर्जदार म्हणून फक्त बायकोचं नाव घालायला सांगा. गाडीचं आणि सेव्हरन्सच्या रकमेचं कळलं की मला पुन्हा लिहा, आकडे नव्याने मांडून देतो.